आईला इकडे आणायचं होतं

माझं सासर सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या बोळात. तिथवर गाडी येत नाही. त्यामुळे चीनला निघालो त्या दिवशी आमच्या बॅगांची भर बाजारातून वरातच निघाली. पुढे नवरा, मागे मी आणि सगळ्यात मागे, निरोप द्यायला नातेपुत्याहून आलेली आई, काखेत शेंगाचटणीचा डबा घेऊन. बांगडीवाल्यापासून साडीवाल्यापर्यंत ज्यानं त्यानं विचारलं, "कुटं निघाला?" आम्ही तोंड उघडायच्या आत आई मागून सांगायची, "चीनला! जावयाला नोकरी लागलीय तितं." जसं काही चीन म्हणजे माळशिरसच्या पुढचा फाटा. गाडीपाशी आल्यावर मात्र तिनं डबा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "पोचलीस की फोन कर. तवर मी काय खानार न्हाय." बँकॉकला विमान बदलून पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळला. तिनं खरंच काही खाल्लं नव्हतं, असं माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नंतर सांगितलं.

नवरा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात होता. इथं शाओशिंग शहराजवळच्या कापडबाजारात एका व्यापाऱ्यासाठी माल तपासून पाठवतो. सकाळी जातो, दिवे लागल्यावर येतो. मूलबाळ अजून नाही. आमचं घर इतकं वर आहे की खिडकीतून माणसं दिसतात, पण त्यांचा आवाज येत नाही. सोलापुरात मी रिक्षांच्या हॉर्नला शिव्या घालायचे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला फ्रिजच्या घरघरीची सोबत वाटायची. माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या, त्यांना हे समजेल. ज्या मैत्रिणी मागे राहिल्या, त्यांना मी कालव्याकाठचे फोटो पाठवते. त्या लिहितात, "मज्जा आहे बाई तुझी!" मी हसरा चेहरा पाठवते आणि फोन पालथा ठेवते.

अण्णा गेले आणि आई नातेपुत्यात एकटी राहिली. मी एकुलती एक. तिला इकडे आणायचंच, असं मी मनात घेतलं. इथं दवाखाना जवळ, चोवीस तास नळाला पाणी, उन्हाळ्यात डोक्यावर एसी. हे सगळं तिला मी वर्षभर ऐकवलं. तिच्यासाठी आणायचंय असं सगळ्यांना सांगत होते, पण त्यातलं निम्मं माझ्यासाठी होतं. घरात कुणीतरी बोलणारं माणूस मला हवं होतं. शेवटी एकदा ती म्हणाली, "येते की." मी दुसऱ्याच दिवशी तिच्या खोलीसाठी पलंग आणला.

त्याच दिवसांत खालच्या बाकावर वांग आज्जी भेटली. ती कान्सूची, म्हणजे तिकडे दूर वायव्येच्या कोरड्या मुलखातली. नात तान्ही असताना मुलानं तिला इथं आणलं, आता नात बालवाडीत जाते. आजोबा गावाकडेच आहेत, शेताला कुणीतरी हवं म्हणून. उतारवयात नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला. नातवंडांपायी असं राहणाऱ्या इथं पुष्कळ आज्ज्या आहेत. इथल्या बायकांची बोली तिला कळत नाही आणि तिची त्यांना. माझं मोडकंतोडकं चिनी आणि तिचं गावठी चिनी मात्र जमलं, कारण दोघींनाही कसली घाई नव्हती. भेटल्या भेटल्या तिचा पहिला प्रश्न, "जेवलीस का?" मला वाटायचं, नातेपुत्यातच आहे मी.

संध्याकाळी चौकात मोठा स्पीकर लावून इथल्या बायका रांगेत नाचतात. साठीच्या, सत्तरीच्या, लाल बूट घालून. त्यांना बघताना वाटतं, म्हातारं व्हावं तर असं. वांग आज्जी कडेला उभी राहायची, नातीचं दप्तर पोटाशी धरून. एकदा एकीनं तिचा हात ओढला. आज्जीनं तो सोडवून घेतला आणि मला म्हणाली, "माझे पाय शेतातले आहेत गं."

सोसायटीच्या शोभेच्या झुडपांमागे तिनं गुपचूप लसूण लावला होता. मी शेतकऱ्याची पोर, मला तो पहिल्याच दिवशी दिसला. मग मीही बसू लागले तिच्याबरोबर माती मोकळी करायला. पात वीतभर झाली, तेव्हा एके दिवशी ती मुलाला तिचं तव्यावर काहीतरी करून घालणार होती. त्याच सकाळी रखवालदारानं सगळा वाफा उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकला. तक्रार झाली होती म्हणे. संध्याकाळी मुलगा तिला म्हणाला, "आई, लोक हसतात. लसूण हवा तेवढा मी आणून देईन." तो वाईट मुलगा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच पिशवीभर आणला. ती पिशवी मांडीवर घेऊन आज्जी बाकावर बसली होती आणि तिच्या नखांत अजून माती होती.

थोड्या दिवसांनी वस्तीच्या कार्यालयातून एक मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करत फिरत होती. झोप लागते का? मन लागतं का? एकटं वाटतं का? वांग आज्जी ताठ बसली आणि प्रत्येक प्रश्नाला मोठ्यानं म्हणाली, "हाओ, हाओ!" छान, छान. मुलगा छान, सून छान, घर छान. मुलगी खूश होऊन पुढच्या बाकाकडे गेली. आज्जी माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "दुसरं काय सांगू? लोक म्हणतील, मुलगा बघत नाही." मग बराच वेळ ती नळ सोडावा तशी बोलत राहिली, गावातल्या विहिरीबद्दल, शेजारणीच्या भांडणाबद्दल, तिकडे एकट्यानं नूडल्स उकडून खाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्याबद्दल. "इथं मला काही कमी नाही," असंही मधेमधे म्हणायची. मला तिथं बसवेना. घरी जाऊन मी आईच्या त्या नव्या पलंगावर बसले. गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. वर्षभर मी आईला विचारत होते आणि ती "येते की" म्हणाली होती. तिच्या त्या शब्दांवर मी इतकी हरखले होते की ते तिनं कशासाठी म्हटले, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मी फोन लावला. मागून शेजारच्या पारूकाकूचा आवाज येत होता, कुणालातरी झापत होती. मी म्हटलं, "आई, खरं सांग. तुला यायचंय का?"

"येते म्हनलंय न्हवं."

"माझी शपथ आहे."

आई म्हणाली, "तुला एकटं वाटतंय, म्हून येनार हुते. तितं माझं कुनाशी जमनार हाय गं? पर तू कदी बोलली न्हाईस, म्हून मी बी न्हाई बोलले."

"येऊ नकोस आई," मी म्हटलं. ते म्हणताना मला माझीच कीव आली. पलीकडे तिनं श्वास सोडलेला मला स्पष्ट ऐकू आला. लगेच ती तिकडे तोंड करून ओरडली, "पारू, ऱ्हाऊ दे गं! शेरडं नगं नेऊस. मी कुटं जात न्हाई!" म्हणजे माझ्यासाठी तिनं शेळ्याही देऊन टाकायला काढल्या होत्या. तिच्या आवाजात इतकं हसू मी अण्णा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी माहेर इकडे आणायला निघाले होते. आईला तिच्या पारूपासून आणि शेरडांपासून तोडून आणलं असतं तर माझ्या घरात माणूस आलं असतं, आणि माझं माहेर मात्र कुठंच उरलं नसतं. हे मला समजतं. तरी त्या दुपारी प्लास्टिक घातलेल्या गादीवर मी हुंदके देऊन रडले, फोन चालू असतानाच.

"रडतीस व्हय?" आईनं विचारलं. इतकी वर्षं मी तिला "मस्त चाललंय" सांगत आले होते.

"लई एकटं वाटतं आई."

"मग बोल की," ती म्हणाली. "मी हितंच हाय."