यादीतली माझी बायको

हल्ली मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतले शिक्षक एकमेकांना फसवणुकीच्या गोष्टी सांगतात. एकाच्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी परस्पर महागडा मोबाइल घेतला. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर भलत्याच शहरात कर्ज निघालं. मी सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "माझ्या कागदपत्रांवर बायको निघाली होती." मग डबे तसेच उघडे राहतात आणि मला पहिल्यापासून सांगावं लागतं.

तेव्हा माझ्याकडे बँकेचं कसलंच कार्ड नव्हतं. खातं होतं, तेही शाळेत शिक्षक म्हणून लागल्यावर पगारासाठी नुकतंच उघडलेलं. धारूरजवळच्या आमच्या वस्तीवरचा मी पहिला पदवीधर. आईवडिलांनी वीस वर्षं कारखान्यांवर जाऊन ऊस तोडला आणि मला मात्र मामाकडे ठेवून शाळेत घातलं. त्या उपकाराची फेड कशी करायची ते मला कळत नसे, म्हणून मी गावाचे अर्ज लिहून देत असे. दुष्काळाचं साल होतं. टँकरसाठी अर्ज, चारा छावणीसाठी अर्ज, छावणीत पेंड कमी मिळाली म्हणून अर्ज. गावात पाऊस सोडून सगळ्याला अर्ज लागत होता.

मुकादम त्याच दिवसांत घरी आला. मुकादम म्हणजे ऊसतोडीसाठी माणसं जमवणारा, कारखान्याची उचल त्यांना आगाऊ देणारा. आमच्या आईवडिलांना यानंच वर्षानुवर्षं नेलं होतं. तो म्हणाला, "सोसायटीच्या छावणीच्या यादीवर शिकलेला साक्षीदार लागतोय. तुझ्या कागदांच्या झेरॉक्स दे, फोटो दे."

मला फार बरं वाटलं. आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड, सगळ्यांच्या झेरॉक्स मी स्वतः धारूरला जाऊन काढल्या. प्रत्येकीवर 'खरी प्रत' असं वळणदार अक्षरात लिहून सही केली. फोटोवरही अर्धी आत, अर्धी बाहेर अशी सही मारली, कॉलेजात शिकवली होती तशी. चोराला एवढी तयार चोरी क्वचितच मिळत असेल.

पुढे दिवाळीनंतर माझी सोयरीक जमली. मुलगी कडा गावाकडची, डी.एड. झालेली. तिचे वडील पश्चिमेकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेती खात्यात कारकून होते. सुपारी फुटली, पेढे वाटले. मुलगी मला मनापासून आवडली होती, पण तिच्याशी चार शब्दही बोललो नव्हतो. पाहायला गेलो तेव्हा तिच्या चुलत्यांनाच माझे टक्के सांगत बसलो होतो.

पंधरा दिवसांनी तिचे वडील अचानक एसटीनं आमच्या दारात उतरले. मी त्यांना मामा म्हणायला लागलो होतो. आईनं चहा टाकला, तर ते उभ्याउभ्याच म्हणाले, "चहाचं ऱ्हाऊ द्या. पहिली कुठं हाय?"

"पहिली काय?" वडिलांनी विचारलं.

"पहिली बायको. तुमच्या पोराची."

आईच्या हातातली साखर चुलीत गेली. मामांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यांच्या कारखान्याच्या टोळीयादीचं पान होतं. ऊसतोडीत माणसं मोजायची तर एकट्याला मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यादीत एका कोयत्यापुढे माझं नाव, माझं गाव, माझा आधार क्रमांक होता. खाली पत्नी म्हणून एका बाईचं नाव. शेजारी माझा फोटो, त्यावर माझी अर्धी सही.

"सही तुमचीच का?" मामांनी विचारलं.

"सही माझीच आहे," मी म्हणालो, कारण खोटं बोलायची मला सवय नाही.

"मग बाई कुणाची?"

"ते मला माहीत नाही."

वडील एकदम उसळले. "पाव्हणं, ह्याला कोयता कुठल्या हातानं धरत्यात ते तरी ठावं हाय का इचारा! म्हणं ऊसतोड्या!" माझ्या चारित्र्यावरच्या आरोपापेक्षा यादीतली ही चूकच त्यांना जास्त झोंबली होती.

मामा कागदाची घडी घालत म्हणाले, "मी कारकून माणूस. माज्यापुढं कागद बोलतो. दोन दिवसांत कारखान्यावर या. खोटं असंल तर तिथंच खोटं ठरवा. न्हाई तर पेढे परत न्या."

पेढे वाटून संपले होते. दुसऱ्याच दिवशी मी आणि वडील निघालो. एसटीत मी तक्रारीचा अर्ज लिहीत होतो. तीन पानं झाली. वडील म्हणाले, "कावून एवढं लिहितो? 'ती माझी न्हाई' एवढंच लिव्ह."

मामा आम्हाला थेट टोळीच्या खोपींकडे घेऊन गेले. सोबत शेतकी अधिकारी होते, फटफटीवर. त्यांनी फडाच्या बांधावरून माझं नाव मोठ्यानं पुकारलं. मी सवयीनं "हजर" म्हणालो. तेवढ्यात फडातूनही "ओ!" आली आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, चांगला मिशाळ गडी हातात कोयता घेऊन बाहेर आला.

"हा तुम्ही?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"नाही, मी मी आहे."

"आणि हा?"

"हा..." तो गडी मुकादमाकडे बघायला लागला. मुकादम बांधावर बसून तंबाखू मळत होता, त्याचा हात थांबला.

अधिकाऱ्यांनी माझे कागद मागितले. अस्सल कागद हरवतील म्हणून घरी ठेवले होते, मी पिशवीतून झेरॉक्स काढल्या, 'खरी प्रत' लिहिलेल्या. त्यांनी फाइल उघडली, त्यातही त्याच झेरॉक्स, त्याच सहीच्या. ते म्हणाले, "कागद दोघांचे सारखेच. पण ह्याची दीड महिन्याची हजेरी आहे. तुम्ही तर आज पहिल्यांदा आलात."

"फोटो बघा ना साहेब!"

त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, गड्याला बघितलं. "उन्हात दीड महिना काढल्यावर कुणाचा फोटो कुणाशी जुळतोय, गुरुजी? सही करून दाखवा दोघं."

मी घाबरलो होतो. पेन घसरलं आणि माझी सही कोंबडीनं पाय पुसल्यासारखी आली. मिशाळ गड्यानं मात्र झोकात सही केली. दर आठवड्याला पगारपत्रकावर ती करून त्याचा हात बसला होता. खालची रेघसुद्धा त्यानं माझ्यापेक्षा सरळ ओढली. मामांच्या कपाळावर आठी आली.

तेवढ्यात खोपीतून एक बाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात भाकरीचं पीठ. "काय गलका हाय?"

अधिकाऱ्यांनी त्यांना यादीतल्या बाईचं नाव विचारलं. ते त्यांचंच होतं. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यांना ओळखता?"

"न्हाई बा."

"कागदावर तुम्ही ह्यांची बायको आहात."

बाईंनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग नवऱ्याकडे वळल्या. "का ओ मालक? मला इचारल्याबिगर दुसऱ्याच्या नावावर चढीवली? आन् ती बी ह्या काडीच्या? ह्याच्यानं एक मोळी उचलंल का? मी नांदायची न्हाई ह्याच्यासंगं, आधीच सांगते!"

टोळीतली माणसं हसायला लागली. मामा हसले नाहीत, पण आठी थोडी सैल झाली.

मिशाळ गडी खाली मान घालून बोलला. मागच्या साली त्यानं दुसऱ्या एका मुकादमाची उचल घेतली होती आणि पोरगी आजारी पडली म्हणून हंगाम अर्ध्यात सोडून तो गावी गेला होता. त्याचं नाव सगळीकडे काळ्या यादीत. गावात हंडाभर पाणी नाही, बैलं छावणीत. मग मुकादम म्हणाला, नाव मी देतो.

"माझंच नाव का?" मी मुकादमाला विचारलं. राग आला होता, पण खरोखर जाणूनही घ्यायचं होतं.

मुकादम म्हणाला, "आरं, सगळ्या वस्तीत चोख कागद तुजेच! बाकीच्यांचं आधारवर एक वय, रेशनवर दुसरं, मतदान कार्डावर बाप बी येगळा. तुजं सगळं टकाटक जुळतंय. साहेब लोक एका नजरेत पास करत्यात." कबूल करतो, रागाच्या भरातही मला किंचित अभिमान वाटला.

अधिकारी मात्र नियमाचे पक्के. "हे तोंडी झालं. मुकादम उद्या पलटंल. मला पुरावा लागतो, की हा माणूस कोयता नाही."

वडील पुढे झाले. त्यांनी गड्याच्या हातातला कोयता घेतला आणि माझ्या हातात दिला. "तोड."

"दादा, मला कुठं..."

"तोड म्हन्तो ना."

मी फडात शिरलो. टोळी कामधाम सोडून बांधावर ओळीनं बसली. मी एक ऊस धरला आणि मधोमध घाव घातला. "बुडाला, गुरुजी, बुडाला!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या घावाला ऊस वाकला आणि माझ्याच गालावर आपटला. तिसरा घाव अंगठ्याला ओझरता लागला, चौथा बुटाच्या टाचेत रुतला आणि मी उसासकट खाली बसलो. एक म्हातारी पोट धरून म्हणाली, "आगं माय, ह्यानं ऊस तोडायच्या ऐवजी उसानंच ह्याला तोडलं!"

अधिकारी हसू दाबत फाइलीत काहीतरी लिहायला लागले. मी वर पाहिलं. वडील हसत नव्हते. त्यांचा चेहरा असा दिसत होता, जसा माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा दिसला होता. मामांकडे वळून ते म्हणाले, "बघा पाव्हणं. ह्याला हे येऊ न्हाई म्हणूनच आमी दोघं वीस सालं तोडत व्हतो."

मामांनी मान हलवली.

पोलिसांत जायचं का, असं अधिकाऱ्यांनी मला विचारलं. माझी तीन पानं खिशात तयार होती. पण नाव कमी करायचं तर अख्खा कोयता कमी होणार होता, अर्धा ठेवायची सोय यादीत नव्हती. ती बाई पीठ सुकलेले हात घेऊन उभी होती. आमची आई अशीच उभी राहत असणार. मग मी तीन पानं फाडली आणि बांधावर बसून एक पान लिहिलं. सदर कोयत्यापुढील माझे नाव कमी करून या माणसाचे स्वतःचे नाव लावावे, जामीन मुकादमाने राहावे, आणि सदर बाई ही त्यांचीच पत्नी असून माझा त्यांच्याशी कसलाही संबंध नाही. बाईंनी शेवटचं वाक्य दोनदा वाचून घेतलं. मुकादमानं निमूट सही केली, कारण आता पोलिसांचं नाव निघालं होतं. मामांनी स्वतः लाल शाईनं माझ्या नावावर रेघ मारली आणि फोटो उपटून माझ्या हातात दिला.

मग ते थोडं दूर जाऊन मोबाइलवर घरी बोलायला लागले. आवाज मोठा होता, सगळ्या फडाला ऐकू येत होतं.

"हां, बघितला... न्हाई गं, तो न्हाई. त्याला ऊस तोडता येत न्हाई... लई वाईट. मी नोकरीत इतकं वाईट कुणाचंच बघितलं न्हाई... हां. देतो."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे केला. मी तो कानाला लावला. टोळी परत कान देऊन बसली.

पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "लागलं का कुठं?"

"थोडं," मी म्हणालो. "अंगठ्याला."

"हळद लावा. आन् बाबांना म्हणावं, तारीख धरा."