वृंदाचा कौल

देवीवर माझा विश्वास नव्हता असे नाही, पण त्या दिवसांत मी तिच्यावर रुसले होते. माझी मुलगी वृंदा सव्वादोन वर्षांची झाली होती आणि तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. 'आई' नाही, 'बाबा' नाही, भूक लागली तरी हाक नाही. त्याहून जिवाला लागे ते वेगळेच होते. तिला उचलून घेतले की ती अंग ताठ करायची, पाठ मागे टाकायची आणि किंचाळायची. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला तरी दचकून कितीतरी वेळ थरथरत बसायची. शेजारणींच्या कमरेवर त्यांची मुले आरामात बसलेली दिसली की मी नजर वळवायची. पोटच्या पोरीला मी नकोशी आहे, हे कोणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचे?

आमचे घर डिचोलीजवळ सर्वणला. यजमान खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर. गोवा अजून घटक राज्य व्हायचे होते, राजभाषेचा वाद पेटला होता आणि कधी कुठला रस्ता बंद होईल याचा नेम नव्हता. मला सातवा महिना संपत आला होता. यजमान सकाळी निघाले की परत येईपर्यंत मी दाराशी येरझारा घालत असे. शेजारीपाजारी येऊन रोज एक नवी बातमी सांगून जात आणि मी ती ऐकल्यावाचून राहत नसे. एका सकाळी त्यांचा ट्रक अडवल्याचे कळले आणि मला उभ्या उभ्या कळा सुरू झाल्या. ते संध्याकाळी धडधाकट चालत घरी आले, पण तोवर शेजाऱ्याच्या जीपने मला पणजीच्या इस्पितळात नेले होते. वाटेत आंदोलकांनी तीन ठिकाणी झाडे आडवी टाकली होती. तिथल्याच माणसांनी माझा आरडाओरडा ऐकून फांद्या ओढून वाट करून दिली, हेही सांगायला हवे. वृंदा जन्मली तेव्हा दोन ओंजळींत मावेल एवढी होती. सव्वा महिना तिला काचेच्या पेटीत ठेवले. आईने बाहेरून बघायचे, हात लावायचा नाही, अशी त्या काळची रीत होती. इस्पितळातल्या लोकांनी माझी मुलगी वाचवली, मी त्यांना आजही मनोमन नमस्कार करते.

चूक केली ती मी घरी आणल्यावर. 'हात लावायचा नाही' हे माझ्या डोक्यात असे पक्के बसले होते की उकळलेल्या पाण्याने हात धुतल्याशिवाय मी कोणाला तिच्याजवळ जाऊ देत नसे, आणि स्वतःही कामापुरतीच जाई. पाळण्याची दोरी मी लांबवून थेट स्वयंपाकघरापर्यंत आणली होती. चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता दोरी ओढायची. ती रडली की मी अधिक जोरात ओढी. माझ्या या युक्तीचे मला तेव्हा मोठे कौतुक होते.

माझ्या सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. त्यांना आम्ही सगळे मांय म्हणत असू. बोलायला फटकळ, पण देवाच्या बाबतीत एका फुलाचाही हिशेब न चुकवणाऱ्या. "ताची सटी जावंक ना, देखून हें सगळें," असे त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत. सहाव्या दिवशी सटी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. आमचे बाळ त्या दिवशी पेटीत, पूजा कोण करणार? म्हणजे पोरीच्या कपाळावर काही लिहिलेच गेले नाही, असा त्यांचा हिशेब. मग उपाय सुरू झाले. मिरच्या जाळून दृष्ट काढली, पोर ठसकून ठसकून निळी पडली. जत्रेत ढोलताशांच्या मध्ये नेऊन पालखीखालून काढली, त्यानंतर आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही दोघी तिच्या भल्यासाठी तिला भीतीवर भीती घालत होतो, आणि दोघींनाही ते कळत नव्हते.

शेवटी माझ्या माहेरी, हळर्णला, माउलीचा कौल घ्यायचे ठरले. आमच्याकडे पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणे घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. यालाच आम्ही प्रसाद लावणे म्हणतो. विचारायचे होते ते एवढेच, की पोर बोलेल का, माणसांत येईल का. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न होता आणि तो मी कोणालाच सांगितला नव्हता. हे माझ्यामुळे झाले का? कौल डावा आला असता तर मला वाटते मी त्या पोरीला माहेरी आईजवळ ठेवून एकटीच परत गेले असते. तसा विचार पक्का करूनच मी तिचे सगळे कपडे पिशवीत भरून आणले होते.

काजूचा मोसम होता, दुपारचे ऊन तापले होते. पुजाऱ्यांनी पाकळ्या लावल्या आणि घंटा वाजवली. त्याबरोबर वृंदाने जो टाहो फोडला तो थांबेना. मी तिला हलवत होते, थोपटत होते, कानाशी 'गप गप' करत होते, आणि लाजेने माझा चेहरा तापला होता. मांय गाभाऱ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. तेवढ्यात सभामंडपाच्या कोपऱ्यात सावलीला बसलेली एक म्हातारी बाई उठून माझ्याजवळ आली. सिंधुदुर्गातून मोप्याच्या सड्यावर, त्या कातळी माळावर, काजू गोळा करायला आलेल्या बायांपैकी ती एक. अंगाला काजूच्या बोंडूंचा आंबूस वास, बोटे चिकाने काळी पडलेली.

"पेटयेत होता काय गो ह्या पोर?" तिने विचारले. मी चकित होऊन मान हलवली. ती म्हणाली, "मी गावात बाळंतपणा केलंय. अशी पोरा बघलंय. थापटू नको तेका. हलवू नको."

तिने मला खांबाला टेकवून बसवले. माझा पदर बाजूला करून वृंदाचे झबले काढले आणि तिला माझ्या छातीवर पालथी ठेवली. वृंदा ताठली, ओरडली. मी घाबरून तिला उचलणार, तो त्या बाईने आपला काळा हात माझ्या हातावर ठेवला.

"तुजा काळीज केदा धडधडता, तां तिच्या कानात जाता. तिका घाबरवतंस तूच. आदी तू सावकाश श्वास घे. बाकी काय करू नको."

बाकी काही करायचे नाही! सव्वादोन वर्षांत मला कोणी हे सांगितले नव्हते. मी डोळे मिटले. माउली, आता तूच बघ, मला काहीच येत नाही, एवढेच मनात म्हटले आणि श्वास घेत राहिले. किती वेळ गेला ठाऊक नाही. वृंदाचे रडणे हुंदक्यांवर आले, मग तिचा एक हात सैल पडला, मग मान. तिचा कान माझ्या छातीला चिकटला आणि ती झोपली. जन्मल्यापासून पहिल्यांदा माझी मुलगी माझ्या अंगावर झोपली होती. मला रडू फुटत होते, पण रडले तर छाती हलेल म्हणून मी तेही आवरून धरले.

गाभाऱ्याकडे माझी पाठ होती. वळून बघायची सोय नव्हती. बऱ्याच वेळाने मांय आल्या, आमच्या दोघींकडे बघत उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "उजवी पडली." मी डोळे उघडून त्या बाईला शोधले, पण ती उठून कामाला गेली होती. तिचे नावही मी विचारले नव्हते.

कपड्यांची पिशवी घेऊन वृंदासकट मी सर्वणला परतले आणि पाळण्याची दोरी सोडून टाकली. रोज दुपारी तिला छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसायचे, हेच माझे व्रत. एका दिवसात काही बदलले नाही. कित्येक दुपारी ती किंचाळून निसटून जाई. पण देवीने होकार दिला आहे, मग आज नाही तर उद्या, या भरवशावर मी टिकून राहिले. चौथे वर्ष लागल्यावर एका दुपारी, दारात कोणी आले म्हणून मी तिला खाली ठेवू लागले. तिने माझा पदर मुठीत धरला आणि म्हणाली, "नाका." नको, हा तिचा पहिला शब्द. दारातला माणूस वाट बघून निघून गेला असावा.

पुढे मी अंगणवाडीत सेविका झाले. दचकणारी, अंग चोरणारी, उशिरा बोलणारी मुले माझ्याकडे आली, आणि त्यांच्या आयांना मी आधी त्यांच्या बाळंतपणाचे विचारी. मूल पोटात असताना घरात काय चालले होते, जन्मल्यावर ते कोणाच्या कुशीत होते, हे विचारी. मूल ते दिवस डोक्यात ठेवत नाही, अंगात ठेवते. आणि अंगातली भीती अंगानेच, हळूहळू जाते. यात आईचा दोष शोधू नका, हे मी त्यांना सांगे. स्वतःला सांगायला मात्र मला फार वर्षे लागली.

मांय शेवटच्या आजारात अंथरुणावर होत्या. वृंदा तेव्हा कॉलेजात होती, आणि बडबड म्हणाल तर कान किटतील इतकी. एका सकाळी ती मांयचे केस विंचरून गेली. मांयने मला जवळ बोलावले.

"तुका एक सांगपाचें उरलां. त्या दिसा पाकळी पडूंकच ना गो. ना उजवी, ना डावी. भटजीन म्हळें, परत लावया. हांवें म्हळें, रावंदी, पोर न्हिदलां. देवळांत उबी रावन हांव तुजेकडेन फट उलयलें."

पोर झोपलेय, राहू दे, म्हणून त्यांनी पाकळ्या परत लावूच दिल्या नव्हत्या. देवाच्या बाबतीत एका फुलाचा हिशेब न चुकवणारी ती बाई माझ्यासाठी देवीसमोर खोटे बोलली होती, आणि ते पाप इतकी वर्षे एकटीने सांभाळून होती. मला रागही आला नाही, धक्काही बसला नाही. मी त्यांच्या छातीवर डोके ठेवले आणि त्या देवळात आवरून धरलेले सगळे रडून घेतले. त्यांनी मला थोपटले नाही, नुसता हात पाठीवर ठेवला.

आता मी दर वर्षी काजूच्या मोसमात हळर्णला जाते. देवीने त्या दुपारी उत्तर दिले नाही असे मला कधीच वाटत नाही; तिने ते कोणाकोणाच्या हातून दिले ते मी पाहिले आहे. पुजारी विचारतात, "प्रसाद लावया?" मी नको म्हणते. ओटी भरते, त्या खांबाला टेकून बसते आणि थोडा वेळ सावकाश श्वास घेते.