मुक्या पट्ट्या

नगरच्या आमच्या चर्चचा पाईप ऑर्गन बंद पडला, तेव्हा सगळी मंडळी हळहळली आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. उंदरांनी भात्याचं चामडं कुरतडलं, वाळवीनं लाकडी नळ्या पोखरल्या आणि तरुणपणापासून माझ्या मानेवर बसलेलं जू आपोआप खाली पडलं. शाळेतून मी केव्हाच निवृत्त झाले होते, पण ऑर्गनच्या बाकावरून मला कुणी निवृत्त करत नव्हतं. वाजवणारी मी एकटीच. रविवारी गावाला जायचं नाही, आजारी पडायचं नाही. ऑर्गनवर बसणाऱ्याची पाठ मंडळीकडे असते, म्हणून समोर छोटा आरसा लावलेला असतो. चर्चमधली सगळी लग्नं मी त्या आरशात पाहिली. एकाही नवरीचं तोंड मला सरळ दिसलेलं नाही.

नाशिकला माझी धाकटी बहीण एकटी राहते. नवरा गेल्यापासून मीही एकटीच. ऑर्गन बंद पडल्यावर ती म्हणाली, "ताई, आता तरी ये. मागची खोली तुझी." मी हो म्हटलं. भांडीकुंडी वाटायलासुद्धा सुरुवात केली.

तेवढ्यात कोल्हारच्या बाजूला एका बंद चर्चमध्ये दुसऱ्या ऑर्गनच्या नळ्या सापडल्या. आमच्याहूनही जुन्या. त्या वापरून आमचा ऑर्गन पुन्हा उभा करायचा, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत, प्रार्थना करतात. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभो, ऑर्गन उभा राहीपर्यंत आमच्या बाईंना इथंच ठेव आणि त्यांच्या बोटांना बळ दे." सगळे आमेन म्हणाले. सवयीनं माझ्याही तोंडून निघून गेलं. देवासमोर कबूल केल्यावर पंचांसमोर काय तोंड उघडणार!

बहिणीला फोन केला. "नाताळपर्यंत थांब. ऑर्गन उभा करून देते आणि सुटते."

नळ्या आणायला टेम्पोबरोबर मीही गेले. शिशाच्या नळ्या माळ्यावर पोत्यांत होत्या. लाकडी नळ्या म्हणजे लांबट चौकोनी पेट्याच. त्यांतल्या मोठ्या दोन-तीन शेजारच्या गोठ्यात निघाल्या. एक बाजू काढून त्यांची गव्हाण केली होती आणि गाय त्यात उसाचं वाढं खात होती.

"तुमची हुती व्हय ही?" गोठ्याचा मालक ओशाळला. "आमाला वाटलं, जुनी खोकी हायती. न्या की, पन गाईनं लई चाटल्यात."

त्या तिथंच सोडल्या. गाईचा हक्क आमच्याआधीचा होता.

कामाला बाजाची पेटी दुरुस्त करणारे मिस्त्री आले. पेटीतलं त्यांना सगळं कळायचं, पण पाईप ऑर्गन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उघडला. ते आत नळ्यांच्या गर्दीत शिरत, मी बाहेर बसून एकेक पट्टी दाबून धरत असे आणि ते आतून सूर लावत. "धरा... सोडा... पुढची." दिवसच्या दिवस. जुन्या नळ्या आमच्यापेक्षा अर्ध्या सुरानं चढ्या निघाल्या, मग त्या सगळ्या एकेक घर पुढे सरकवून बसवल्या. तरीही कुठे कुठे घरं रिकामी राहिली.

"बाई, हिच्यापुढं नळीच न्हाई," मिस्त्री आतून ओरडत. "पुण्यात चौकशी करतो, बनवून घेऊ."

पुण्यात चौकशी म्हणजे नाताळ उलटून जाणार. मी म्हणे, "राहू द्या. मी चालवून घेते."

एक पट्टी दाबली की वरच येईना. "चालवून घेते." एक नळी सुरात येता येता थुंकायला लागली. "चालवून घेते हो, तुम्ही पुढं चला!" घाई माझी होती. मुकी पट्टी आली की तिच्या वरच्या सप्तकातली घ्यायची, चिकटणारी अंगठ्यानं उचलायची, थुंकणारीला ओझरतं शिवायचं. बोटांना सगळं बसलं. एवढी वर्षं संसार असाच तर केला होता.

नाताळच्या आधी ऑर्गन वाजला. लोक रडले. जुन्या नळ्यांचा आवाज आमच्या नळ्यांहून गोड होता. मलाही भरून आलं आणि भरून आल्याचा रागही आला.

आता माझ्या जागी माणूस बसवायचा, एवढंच उरलं होतं. माणूस होता. तरुण संघातला कीबोर्ड वाजवणारा, माझ्याहून चांगलं शिकलेला. त्याला बसवलं. पहिल्याच गीतात अधूनमधून सूर गायब झाले, शेवटी पट्टी अडकली आणि गीत संपलं तरी ऑर्गन भोंग्यासारखा ओरडत राहिला. मी धावत जाऊन ती पट्टी उचलली. उपासनेनंतर त्याला शेजारी घेऊन बसले. ही मुकी, ही चिकटते, हिच्याऐवजी ती. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि उठला.

"बाई, हा ऑर्गन नाही. हा तुमचा हात आहे," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

मी पंचांकडे गेले. म्हटलं, मिस्त्रींना परत बोलवा, राहिलेल्या नळ्या बनवून घ्या. पंच हसले. "बाई, तुम्ही झकास वाजवता की! चांगला चाललेला ऑर्गन कशाला उघडायचा?" आणि हे खरंच होतं. माझ्या हाताखाली त्यात काहीच बिघाड नव्हता. पट्टीच मुकी आहे, हे मी इतकं छान झाकलं होतं की आता ते सिद्धही करता येईना.

बहिणीला फोन केला. "ईस्टरपर्यंत," म्हटलं.

ती म्हणाली, "ताई, एक नर्सिंगची मुलगी खोली बघून गेलीय. मला घरात कुणाचा तरी आवाज हवा गं. किती दिवस कुकरच्या शिट्ट्याच ऐकू?"

ती चिडली असती तर मी भांडले असते. ती चिडली नव्हती.

"तिला हो म्हण," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि रडायला लागली. ती रडायची थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले.