आबांचं कोपर

तारीख : १८ फेब्रुवारी १९६८. हजर : मी, आबा, हौदात माशांच्या चार जोड्या. साहेब धुळ्याला. अकरा वाजता पारा : २७.

एवढं वहीत आहे. जे वहीत नाही, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

शिरपूरजवळच्या मत्स्यबीज केंद्रावर मी नोंदी ठेवायचो. आबा तिथे रोजंदारीवर होते. आमचं काम पाण्याच्या उबेचं. उन्हानं हौद तापू द्यायचा, पारा सत्तावीसवर आला की टाकीतलं गार पाणी हळूहळू सोडायचं. मग मादी अंडी सोडते. आबा थर्मामीटर बघायचे नाहीत. बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसं कोपर बुडवायचे. मग आम्ही हौदाच्या काठावर चहा घेऊन बसायचो — शेवाळात पहिली खळबळ कधी होते, याची वाट बघत.

तसं वाट बघणं मला पुन्हा मिळालं नाही.

त्या सकाळी माझ्या हातून थर्मामीटर काठावर आपटलं. केंद्रावर तेवढं एकच. कधीच काही न मोडणारा, अशी माझी ख्याती — ती जपायला मी तुकडे डब्यात दडवले. अकराची नोंद? काल त्या वेळी सत्तावीस होतं, म्हणून सत्तावीसच लिहिलं. रात्री थंडीची लाट येऊन गेली होती, हे मला ठाऊक नव्हतं का?

आबांनी कोपर बुडवलं. "भाऊ, पानी आजून थंड शे. दुपार व्हऊ दे."

"आबा, पारा सत्तावीसवर आहे. तुमच्या कोपराला आकडे आहेत का?"

ते हसले. माझ्या शब्दावर त्यांनी टाकीचा नळ उघडला.

एकाही मादीनं अंडी सोडली नाहीत. दोन माद्या मेल्या. साहेबांनी विचारलं, नळ कुणी उघडला? मी म्हणालो, आबांनी. खोटं होतं का? हात तर त्यांचेच होते. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं — आणि वहीकडे. त्यांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर घेतलं नाही.

पुढे कितीदा तरी पाणी जमलं, अंडी आली. खळबळ झाली की अजून तोंडात येतं, "आबा, बघा." काठावर कुणी नसतं.

आजच्या यादीतली बाकी कामं झाली. वहीतला तो आकडा खोडून 'पारा पाहिला नाही' असं लिहायचं, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी आबांच्या गावी जाऊन ते त्यांना वाचून दाखवायचं — हे अजून तसंच आहे.