पाठीमागच्या कार्डावरची नावं

गहिनीनाथला मी मूर्ख म्हणत नाही. म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. कोल्हारपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांत सार्वजनिक वाचनालय. तो ग्रंथपाल, मी लिपिक, तिसरं कुणी नाही. फाटक्या पुस्तकाला खळ लावतानासुद्धा हा गडी गाणं गुणगुणायचा. मला त्याचा रागच यायचा. अरे, पगार तो केवढा आणि उत्साह केवढा!

नव्याण्णव साली नगरला ग्रंथपालांचं शिबिर झालं आणि तिथून हा इंटरनेटचं वेड घेऊन आला. दर गुरुवारी आमची सुट्टी. बायकापोरं सोडून हा एसटीनं नगरला जायचा आणि सायबर कॅफेत तासभर बसायचा. ग्रंथपालांचा ई-मेलवर एक गट होता. कुणी नाशिकचा, कुणी धारवाडचा, एक तर थेट अमेरिकेतला. एकानं विचारायचं, बाकीच्यांनी सांगायचं, आणि ते सगळ्यांनी वाचायचं.

"भिमाजी, वाळवीचं विचारलं तर चार गावांहून उत्तरं आली रे!" मला सांगताना त्याचा आवाज चिरकायचा. "आपण एकटे न्हाई."

"वाळवी गेली का पण?" मी विचारायचो.

मग त्यानं वाचनालयाचं स्वतःचं पान काढलं. तेव्हा इंटरनेटवर अशी पानं फुकट मिळायची. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि खाली येणाऱ्याजाणाऱ्यानं दोन ओळी लिहायची सोय. पण पानावर टाकायचं काय? तर याच्या डोक्यात आली कार्डं. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीमागं कागदी खिसा असतो, त्यात कार्ड, कार्डावर नेणाऱ्याचं नाव आणि तारीख. गावाला ते कार्ड वाचायची सवयच होती. भागूबाईंनी नेलंय ना, मग चांगलं असणार, असं म्हणून पुस्तक घेणारे कितीतरी. गहिनीनाथ म्हणाला, हीच नावं पानावर टाकू. कोण काय वाचतं ते कळलं की लोक एकमेकांशी बोलतील, बाहेरगावी गेलेलेसुद्धा.

दोन गुरुवार मी कार्डांचे गठ्ठे घेऊन त्याच्याबरोबर गेलो. खोटं कशाला बोलू, नगरची भेळ खायला मिळते म्हणून गेलो. मी नावं वाचायची, त्यानं टाइप करायची. एड्सची माहिती देणारी सरकारी पुस्तिका होती, पातळशी. तिच्या कार्डावर एकच नाव, जयमाला सोपान, तेही तीनदा.

"तीनदा वाचायचं का?" मी विचारलं.

"जितक्यांदा नेलंय तितक्यांदा वाच की. वाचक हाय म्हणायचं!"

आम्ही हसलोसुद्धा. जयमालाबाई म्हणजे आमच्या गावची अंगणवाडी सेविका, आणि सोपान तिचा नवरा, ट्रकवर ड्रायव्हर. त्या पुस्तिकेला दुसरं कुणी हात लावत नव्हतं, म्हणून ते कार्ड आजवर कुणी पाहिलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आली नाही.

सुरुवात फार गोड झाली. दुबईला फिटर असलेल्या आमच्या गावच्या एकानं पानावर लिहिलं, "माझा बाप पुस्तकं वाचतो हे मला इथं येऊन कळलं. लहानपणी माझीच फेकून द्यायचा." गहिनीनाथनं ते कागदावर उतरून आणलं आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाला वाचून दाखवलं. म्हातारा नुसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसला. त्या दिवशी मलाही वाटलं, चला, काहीतरी चांगलं घडलं आपल्या हातून.

दिवाळीला पुण्याहून प्रशांत आला, कंपनीत नोकरीला असलेला आमच्याच गावचा. त्यानं ते सगळं पान छापून आणलं आणि कौतुकानं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवलं. "आपलं गाव इंटरनेटवर!" झुंबड उडाली. जो तो आपलं नाव शोधतोय, दुसऱ्याला दाखवतोय. दुपारपर्यंत हसणं चाललं होतं. मग कुणीतरी तळाशी त्या एड्सच्या पुस्तिकेपाशी पोचलं, आणि फळ्यापुढं एकदम कुजबुज सुरू झाली.

भाऊबिजेनंतर अंगणवाडी उघडली तेव्हा केशरबाई दारातूनच ओरडली, "तिच्या हातची सुकडी नगं आमच्या नातवाला! नवरा ट्रकवर, आन् ही तीन-तीनदा ते पुस्तक न्हेती. उगंच न्हेती व्हय?" सव्वीस पोरं होती, आठवड्यात चार राहिली. पर्यवेक्षिका येऊन सांगून गेली, महिनाभरात पोरं आली नाहीत तर दुसरी सेविका नेमावी लागेल.

जयमालाबाई वाचनालयात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीत होतो, पण ती शांतपणे म्हणाली, "ट्रेनिंगला सांगितलं होतं, बायकांना माहिती द्या म्हणून. एकदा वाचून ध्यानात राहीना, म्हणून परत नेलं. त्यात माझं काय चुकलं, सर?"

खरं-खोटं मला ठाऊक नाही, आणि विचारायचा मला काय अधिकार?  त्याच गुरुवारी जाऊन गहिनीनाथनं ते पान पुसलं. फळ्यावरचे कागद मी आधीच फाडले होते. पण लोकांच्या तोंडून ते कसं फाडणार?

"मला दाखवा तरी," ती पुढच्या खेपेला म्हणाली, "कुठं लिहिलंय माझं नाव ते." तिला वाटत होतं, नगरला कुठंतरी मोठी पाटी असणार. आम्ही तिघं एसटीनं गेलो. ती बाईमाणसांच्या सीटवर एकटी बसली. कॅफेत गहिनीनाथनं पत्ता टाइप केला. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, असं पान नाही म्हणून.

"इथं तर काहीच न्हाई," ती म्हणाली.

"मी पुसलं, ताई."

"मग तसं लिहून द्या. शिक्का मारून द्या. मी गावात दाखवते."

त्याचा काही उपयोग नाही हे मला तिथंच कळत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा जरा जीव आला होता, मग माझं तोंड उघडेना. परत आल्यावर गहिनीनाथनं वाचनालयाच्या कागदावर झोकदार अक्षरात लिहिलं, की जयमालाबाईंचं नाव इंटरनेटवर नाही, चूक आमची होती, त्यांनी पुस्तिका कामासाठी नेली होती. खाली सही केली, गोल शिक्का मारला. ती कागद छातीशी धरून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. चेहरा पार उतरलेला. घरोघर गेली होती. बायका दारात यायच्या, ऐकून घ्यायच्या, माना डोलवायच्या. केशरबाईसुद्धा "आसं व्हय" म्हणाली. पण कागद कुणी हातात घेतला नव्हता. पदराआड हात, नाहीतर पिठाचे हात, नाहीतर "तिथंच कट्ट्यावर ठेव." एकीनं तर तिच्यादेखत चिमट्यानं उचलून बाजूला केला.

"घ्या तुमचा कागद," ती म्हणाली आणि तिनं तो माझ्यापुढं धरला.

मी लिपिक आहे. आयुष्यभर लोकांच्या हातून कागद घेत आलोय. सगळं मला माहीत होतं, त्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेसुद्धा. शिवून, हातात हात देऊन काही होत नाही, हे पहिल्याच पानावर आहे.

"टेबलावर ठेवा, बाई," मी म्हणालो.

तिनं ठेवला. गहिनीनाथ धावत पुढं आला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला, पण तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती.