दहाव्याला मिळालेली माफी

लोकप्रतिनिधी हा जनतेच्या सुखदुःखाचा वाटेकरी असतो. आमच्या आमदारांनी हे इतकं मनावर घेतलंय की विधानसभेत ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही, पण तालुक्यातला दहावा त्यांनी सहसा चुकवलेला नाही. सुखातला वाटा लग्नसराईपुरता. दुःखाला हंगाम नसतो, शिवाय दहाव्याला सगळा गाव सकाळीच नदीवर आयता गोळा झालेला असतो. महाराजांचं प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात आणि उठून जाणं बरं दिसत नाही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत लोकशाहीच्या संस्थांमध्ये दशक्रिया विधीचा उल्लेख नव्हता. पुस्तकं पुण्या-मुंबईत लिहिली गेली असावीत.

माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, आमदारसाहेबांचा पहिल्या निवडणुकीपासूनचा माणूस. प्रवरेकाठच्या आमच्या गावात साहेबांची सभा म्हणजे दादाच्या खळ्यातली सभा. साहेबांनी पक्ष बदलले तसे दादाने गळ्यातले पंचे बदलले. मी चेष्टा केली की म्हणायचा, "तुला पुस्तकातला पक्ष कळतो. मला माणूस कळतो."

गेल्या विधानसभेच्या आधी साहेबांनी पुन्हा पक्ष बदलला. त्या आठवड्यात ते एकटेच, ताफा न घेता, दादाच्या घरी आले. मी ओसरीवर होतो. वहिनी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. साहेब म्हणाले, "दादा, तुम्ही नव्या पक्षात यायचं नाही. तिकडंच थांबा. तिकडं काय शिजतंय ते मला कळलं पाहिजे. निकाल लागू द्या, वाजतगाजत घेऊन जातो."

दादा थांबला. दिवसभर जुन्या पक्षाचा झेंडा घेऊन साहेबांच्या विरोधात फिरायचा आणि संध्याकाळी मळ्यात जाऊन साहेबांना फोन करायचा. हे कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नाही. साहेब निवडून आले. वाजतगाजत न्यायला मात्र कुणी आलं नाही. दादाने फोन केला की तिकडून उत्तर यायचं, "थोडं थांबा, पोरं तापलेली आहेत."

पोरं खरंच तापलेली होती. पारावर दादा दिसला की कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, "आले बघा गद्दार." सप्ताहाच्या बैठकीचं बोलावणं आलं नाही. डेअरीवर त्याच्या दुधाची फॅट अचानक कमी लागायला लागली. मी म्हणालो, सांगून टाक एकदाचं. तो म्हणाला, "शब्द दिलाय त्यांना." नंतर तो पारावर जायचाच बंद झाला. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदयविकार लिहिलं. वहिनीचं निदान वेगळं होतं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. बायका म्हणाल्या, काही इच्छा मागं राहिली न्हाई बघा. वहिनी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, त्यांची नसंल. माझी हाय. सायबांना म्हनावं, गावासमोर एकदा सांगा, मीच त्यांना तिकडं थांबवलं हुतं म्हनून. दुसरं काय बी नको."

कावळा वेळेवर आला, साहेब आले नव्हते. निवेदक महाराजांच्या कानाशी लागला, "महाराज, अजून जरा ओढा, गाडी फाट्यावर आलीय." महाराजांनी नश्वर देहाचा विषय संपवून पुन्हा सुरुवातीपासून घेतला. ज्यांना कांद्याला पाणी द्यायला जायचं होतं ते चुळबुळत बसून राहिले.

गाडी आली तसा मी पुढे झालो आणि दार उघडताच वहिनीचा निरोप सांगितला. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सर, हे सांगायला लागतं का? बोलतो ना."

ते बोलले आणि चांगलं बोलले. दादा मोठ्या भावासारखा होता, पहिल्या निवडणुकीत त्याच्याच मोटारसायकलवर बसून सगळा गट पालथा घातला, असं म्हणताना आवाज भरून आला. तो खोटा नसावा. समोर जुन्या पक्षाचे तालुकाध्यक्षही बसले होते. साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, घोटभर पाणी घेतलं.

"शेवटच्या काळात दादांनी वेगळा निर्णय घेतला," ते म्हणाले. "माणूस आहे, होतं. मी कधी मनात धरलं नाही. आज प्रवरामाईच्या साक्षीने सांगतो, मी ते सगळं विसरलो. तुम्हालाही हात जोडून विनंती आहे, तुम्हीही विसरा."

माझ्या शेजारचे म्हातारे चुलते पंच्याने डोळे पुसत म्हणाले, "मन मोठं लागतं राव असं बोलायला." दादाने हुकूम पाळला होता आणि ज्याचा हुकूम होता त्यानेच त्याला माफ केलं होतं. मी उठून काही बोलायला हवं होतं म्हणाल, तर माइक निवेदकाकडे होता आणि तो पुढच्या वक्त्याचं नाव पुकारत होता.

साहेब रिवाजाप्रमाणे हात जोडून बायकांच्या बाजूला गेले. वहिनी उठून उभी राहिली.

"सायब, त्या दिशी माझ्या हातचा च्या प्यालात तुमी. काय बोललात ते मी उंबऱ्यातनं ऐकलंय. ते सांगा ना इथं."

"वहिनी, धीर धरा. आम्ही आहोत पाठीशी." मग माझ्या पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून, "आईला जप रे. सध्या त्यांना काही सुचत नसणार."

शेजारणीने वहिनीला हाताला धरून खाली बसवलं. "बसा बाई. मोठ्या मानसाला असं बोलू न्हाई."

त्या आठवड्यात गाव घरी यायला लागलं. जे सुतकातही फिरकले नव्हते ते चहा पिऊन गेले. "जाऊ द्या वहिनी, सायबांनीच माफ केलं म्हनल्यावर आमी कोन?" मी एकेकाला गाठून खरं काय ते सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमी भाऊ. तुमी असंच म्हननार." दुधाची फॅट सुधारली. सप्ताहाचं बोलावणं आलं. पुतण्या म्हणाला, "काका, गाव बोलाय लागलं, हे काय कमी हाय?" मळा, दूध, पोरांची लग्नं, सगळं त्याला याच गावात करायचं होतं.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा साहेबांनी आमच्या वॉर्डात पुतण्यालाच आपल्या पॅनेलकडून उभं केलं. घराण्याचा मान राखला, असं गाव म्हणालं. वहिनी जेवायला वाढता वाढता म्हणाली, "पोरगं माझं हाय, त्याला काय बी कमी पडू द्यायची न्हाई मी. पर मत दुसऱ्याला देनार." पुतण्या खाली मान घालून जेवत राहिला. तिने मतदानाचं ओळखपत्र शोधून काढलं, मतदान केंद्र कुठल्या खोलीत आहे ते मला दोनदा विचारून घेतलं आणि मतदानाच्या दिवशी मला सोबत यायला सांगितलं.

माघारीच्या शेवटच्या दिवशी समोरच्या पॅनेलने आमच्या वॉर्डातले सगळे अर्ज मागे घेतले. पुतण्या बिनविरोध निवडून आला. आमच्या वॉर्डात मतदान झालं नाही.