भूमितीच्या तासाला मी पाय धुतले

सुपरवायझर बाईंचा डावा पाय माझ्या मांडीवर होता. मांडीवर टॉवेल, टॉवेलखाली शाळेचा गणवेश. बाई खुर्चीत, मी खाली पाटावर. समोर प्लास्टिकचा टब. त्यात कोमट पाणी, शाम्पूचा फेस आणि बाईंचा उजवा पाय. संध्याकाळी स्नेहसंमेलन होतं. हारवाला आला नव्हता म्हणून बाई फोनवर त्याला झापत होत्या.

मी टाच घासायला ब्रश उचलला. बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"हात धुतलेस ना ग नीट? तुझे ते निळे हात लावू नकोस मला."

धुतले होते. साबणाने, मग परत साबणाने. तो निळा रंग धुऊन जात नाही. आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतो. आई जीन्सची धागा कटिंग करते. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरी येतात, शिलाईचे लोंबणारे दोरे कातरायचे आणि गठ्ठे परत द्यायचे. घरात सगळेच कातरतात. जेवताना बोटं निळी, झोपताना बोटं निळी. नखांच्या कडेला तर कायमची.

मी नववीत होते. नववी क. शाळा अंबरनाथ पूर्वेला. आणि तो शनिवारचा तास आमच्या वेळापत्रकावर भूमितीचा होता.

हे असं का झालं ते सांगायला पाहिजे. कारण लोक म्हणतात, विषय काय, ज्याचा त्याने निवडायचा असतो. कुणी निवडला? मी सांगते कुणी निवडला.

जूनमध्ये नववीच्या सगळ्या पोरांना हॉलमध्ये बसवलं. सुपरवायझर बाई स्टेजवर. एकेकाला उभं करायचं, विचारायचं आणि बाजू सांगायची. उजवीकडे खिडक्यांखाली संस्कृतवाले, म्हणजे अ तुकडी. डावीकडे व्होकेशनल, म्हणजे क. मुलगे ऑटोमोबाईलला, मुली ब्युटीला. मधले ब. बदलापूरहून कॉम्प्लेक्समधली, ऑफिसवाल्यांची पोरं यायची. त्यांना बाई विचारायच्या, "आठवीला किती पडले?" मग हसून म्हणायच्या, "बस, उजवीकडे."

माझा नंबर आला. मला आठवीला किती पडले ते विचारलंच नाही. गणितात आख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त होते. सांगायला मी तोंड उघडून उभी होते.

"आडनाव?"

सांगितलं.

"राहायला कुठे?"

"कॅम्प पाच, बाई. नाल्याच्या बाजूला."

"आई काय करते?"

"धागा कटिंग."

"ब्युटी. डावीकडे."

मी हलले नाही. म्हटलं, "बाई, मला संस्कृत पाहिजे."

हॉल हसला. बाईपण हसल्या. रागाने नाही, अगदी मायेने. तेच जास्त लागलं.

"अगं, संस्कृत घेऊन काय कुणाकडे पूजा सांगायला जाणारेस? हातात कला असली की पोट भरतं. तुझ्या भल्याचंच सांगते."

डावीकडे जाऊन बसले. आजूबाजूला पाहिलं. सगळी आमचीच. वस्तीतली, चाळीतली, आमच्यासारख्या आडनावांची. पावसाळी छत्र्या हॉलच्या दारात एकत्र ठेवल्या होत्या, पण आम्हाला कुणीतरी फार बारकाईने निवडून वेगळं ठेवलं होतं.

खरं सांगते, मला संस्कृतचं वेड नव्हतं. मला गणिताचे सर पाहिजे होते. ते फक्त अ ला शिकवायचे. प्रयोगशाळेची चावी फक्त अ साठी निघायची. आम्हाला गणिताला पीटीचे सर. ते यायचे, "प्रकरण वाचा" म्हणायचे आणि मोबाईल काढायचे. क ला गणित कशाला, असं कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

आता ब्युटीच्या विषयाबद्दल. त्याला मी नावं ठेवणार नाही. आम्हाला शिकवायला कविता दीदी यायची. सिंधी, कॅम्प चारमध्ये तिचं स्वतःचं पार्लर. शाळेत तासावर लावलेली. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची. तिचा एक नियम होता.

"देखो मुलींनो, पार्लरवाली बनने से पहले कस्टमर बनो. ज्याने कधी टबमध्ये पाय नाही टाकला, त्याला पानी किती गरम पाहिजे ते काय समजणार?"

म्हणून सगळा सराव जोडीने. आज मी खुर्चीत, माझी जोडीदार रेश्मा पाटावर. अर्धा तास झाला की दीदी टेबलावर कंगवा आपटायची. "चलो, नंबर बदलो!" मग रेश्मा खुर्चीत, मी पाटावर. रेश्माला गुदगुल्या व्हायच्या, ती निम्मं पाणी बाहेर सांडायची. दीदी ओरडायची, "अगं बाई, पाय धोती है के मच्छी पकडती है?"

पहिल्यांदा मी खुर्चीत बसले तेव्हा पाय मागे ओढत होते. अंगठ्याच्या नखात निळं होतं. रेश्माने काही न बोलता पाय हातात घेतला आणि धुतला. लहानपणी आई धुवायची तेवढंच. त्यानंतर माझ्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता. मला रडू आलं. फेस डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

तर तो टब वाईट नव्हता. कंगवा आपटला की माणसं जागा बदलायची.

मग सुपरवायझर बाई आल्या. दिवाळीच्या आधी एकदा डोकावल्या, म्हणाल्या, "बघू तरी काय शिकताय." खुर्चीत बसल्या आणि पाय पुढे केले. नंतर दुसऱ्या बाई, मग तिसऱ्या. मग शनिवार ठरलाच, आमच्या भूमितीच्या तासाला. दीदीने एकदा सांगून पाहिलं. "मॅडम, ये बच्चियाँ आपस में करती हैं, जोडीने."

"अहो, कस्टमरची सवय नको का व्हायला मुलींना? प्रॅक्टिकलच तर आहे."

दीदी टब भरायला गेली. तासावरची बाई, किती बोलणार. मी तिला दोष देत नाही. पण त्या दिवसापासून शनिवारी कंगवा वाजला नाही. बाई खुर्चीतून उतरून पाटावर बसत नाहीत हे सगळ्यांनी न सांगता समजून घेतलं. आणि शनिवारचा भूमितीचा तास गेला. आठवड्याला जो एक शांत तास मिळायचा, जिथे पीटीचे सर झोपायचे आणि मी स्वतःचं स्वतः प्रमेय सोडवायचे, तोही गेला. पीटीच्या सरांना बरंच झालं.

आता परत त्या टबाकडे.

ब्युटीची खोली नववी अ ला लागून. मधली भिंत पातळ, वर जाळी. पलीकडे त्याच वेळी अ चा भूमितीचा तास. संमेलन असलं तरी त्यांचा तास चालू होता. गणिताच्या सरांचा आवाज स्पष्ट यायचा. शनिवारी मी पाय धुवायचे आणि ऐकायचे.

"वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर लंब टाकला, जीवेची टोकं केंद्राला जोडली," सर म्हणाले. "दोन त्रिकोण मिळाले. एकरूप कुठल्या कसोटीने?"

अ गप्प.

"अरे बोला कुणीतरी!"

माझ्या डोळ्यांसमोर आकृती उभी होती. फेसात बोटाने काढली असती. दोन्ही कर्ण म्हणजे त्रिज्याच. लंब दोघांत सामाईक. काटकोन आहेच. मला येत होतं. मी भिंतीच्या अलीकडे, बाईंची टाच हातात धरून, आणि मला येत होतं.

तोंडातून निघूनच गेलं. "कर्णभुजा!"

बाईंनी फोन खाली घेतला. "काय ग?"

"काही नाही बाई. भूमिती."

बाई हसल्या. खुर्ची हलली इतक्या हसल्या. शेजारच्या खुर्चीत नेलपॉलिश लावून घेणाऱ्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "ऐकलंत का? हिला टाचेत भूमिती दिसते!" आणि मला म्हणाल्या, "घास ग, नीट घास. तुला तेच कामाला येणारे."

मी ब्रश खाली ठेवला.

रागात काही फेकलं नाही. बाईंचा डावा पाय पुसला, मग उजवा. बोटांच्या मधलं पाणीसुद्धा टिपलं, दीदीने शिकवलं होतं तसं. चपला समोर ठेवल्या. म्हटलं, "बाई, उठा."

"झालं?"

"हो."

बाई उठल्या. मी खुर्चीत बसले. बूट काढला, मोजा काढला. मोज्याला भोक होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. पाय टबात घातला.

"आता तुमचा नंबर, बाई."

 पलीकडे सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते, खडूचा आवाज येत होता. आणि कोपऱ्यातून दीदीचा कंगवा टेबलावर वाजला. एकदाच. मुद्दाम वाजवला की हातातून पडला, मला आजही माहीत नाही. पुढच्या जूनला दीदीला शाळेने बोलावलं नाही, एवढं माहीत आहे.

बाईंनी मारलं नाही. माझ्या पायाकडे बघितलं. नखातल्या निळ्याकडे. उकिरड्यात पाय पडल्यावर माणूस बघतो तसं.

"ऊठ."

मी बसून राहिले.

"ऊठ म्हणते ना! लायकी विसरलीस का ग स्वतःची?"

"प्रॅक्टिकलच तर आहे, बाई."

मला वर्गाबाहेर काढलं. बाईंचं नेलपॉलिश रेश्माने लावलं.  संध्याकाळी अ च्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. त्यांच्या वेण्या क च्या मुलींनी घातल्या होत्या. मी दोन्हीकडे नव्हते.

सोमवारी आईला बोलावलं. आई एका दिवसाचं काम सोडून आली. बाईंनी तिला बस म्हटलं नाही. आई हात जोडून उभी राहिली. "बाई, पोरगी चुकली. लहान आहे. पदरात घ्या." बाई म्हणाल्या, "आम्ही यांच्या भल्यासाठी मरतो, आणि ही मस्ती?" आई परत हात जोडून, "हो बाई." मी आईच्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. निळे. बाईपण तिकडेच बघत होत्या.

घरी येताना आई पुढे चालत होती. नाल्याच्या पुलावर थांबली.

"पाणी गरम होतं का ग?"

"कोमट होतं."

"बरं." मग जरा पुढे जाऊन म्हणाली, "मी माफी मागितली ती तुझं वर्ष वाचावं म्हणून. तू मागू नकोस."

मी मागितली नाही. प्रॅक्टिकलला जेमतेम पास केलं. ज्या विषयात मी सगळ्यात नीट हात चालवत होते, त्यात. दहावीपर्यंत क मध्येच राहिले. गणित पुस्तकावरून आणि रेश्माच्या भावाच्या फुटक्या फोनवरून केलं. सायन्सला पाहिजे होते तेवढे पडले नाहीत. कॉमर्सला गेले. कुणी म्हणेल, तरी शिकलीस ना? नाही. जे शिकायचं होतं ते शिकले नाही. याला मी गोड नाव देणार नाही.

आता मी पत्रकं वाटते. दर मे-जूनमध्ये अंबरनाथला शाळांच्या गेटवर, बदलापूरला शिरगावात, हेंद्रेपाड्यात, आमच्या कॅम्पात. पत्रकावर साधं लिहिलेलं असतं. नववीचा विषय मुलाने निवडायचा, आडनावाने नाही. बाप लोक वाचतात, घडी करून खिशात घालतात आणि म्हणतात, "मॅडम सांगतील ते बरोबरच असेल ना ताई." या वाक्याची मला चीड येते. हॉलमध्ये हसणाऱ्यांचीपण एवढी आली नव्हती.

यंदा माझी धाकटी बहीण नववीत जाते. त्याच शाळेत. त्या बाई आता मुख्याध्यापिका आहेत. मी बहिणीला सांगितलं, "घाबरायचं नाही, संस्कृत मागायचं."

ती गठ्ठ्यातली पँट उलटी करत म्हणाली, "मला ब्युटीच पाहिजे."

मी उडाले. काय काय बोलले. तिने कातर खाली ठेवली.

"तूच पत्रकात लिहितेस ना, मुलांनी निवडायचं? मग मी निवडलं की तुला का मिरच्या झोंबतात? मला वेण्या घालायला आवडतात. आणि गणितपण पाहिजे. दोन्ही का नाही मिळणार?"

आई गालात हसली.  खरंच, का नाही मिळणार? एवढा सरळ प्रश्न माझ्या पत्रकात नव्हता. रात्री बसून घातला.

जूनमध्ये मी तिच्यासोबत त्या हॉलमध्ये जाणार आहे. बाईंनी आडनाव विचारायच्या आधी ती स्वतःच्या पायाने डावीकडे जाऊन बसेल. मग मी बोलेन. क ला गणिताचे सर कधीपासून, ते इथेच सांगा, सगळ्या आईबापांसमोर. प्रयोगशाळा कधी उघडणार, सांगा. आणि त्या टबात ज्याला पाय घालायचा असेल त्याने आधी पाटावर बसून दुसऱ्याचा धुवायचा. बाई असो, मुख्याध्यापिका असो.

हो म्हणतील. हो म्हणणं सोपं असतं. म्हणून पहिल्या शनिवारी भूमितीच्या तासाला मी क च्या दारात उभी असेन. सर आले नाहीत तर आख्खी क घेऊन अ मध्ये जाईन. बाकं भरलेली असतील, माहीत आहे. आम्ही खाली बसू. खाली बसायची सवय आम्हाला त्यांनीच लावली आहे. या वेळी मात्र आमच्या मांडीवर वही असेल.